गायिकेच्या मागे वाजवताना: बार्बर, कोपलँड आणि व्हायोलाचा पार्ट

हंगामाचा शेवटचा कार्यक्रम परवा झाला. सगळं संगीत अमेरिकन. सुरुवातीला बर्नस्टाइनचं ‘कँडीड’चं ओव्हर्चर (नाटकाआधी वाजणारा वाद्यांचा तुकडा), मग पाहुण्या सोप्रानोबरोबर (उंच पट्टीची गायिका) सॅम्युअल बार्बरचं ‘नॉक्सव्हिल: समर ऑफ १९१५’, आणि मध्यंतरानंतर कोपलँडचं ‘अपालाचियन स्प्रिंग’. आमचा ऑर्केस्ट्रा न्यू जर्सीतल्या हौशी वादकांचा आहे, मी व्हायोलांत (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या स्वरांचं वाद्य) मागच्या स्टँडवर, म्हणजे मागच्या रांगेत, बसते. ओव्हर्चरबद्दल फार लिहीत नाही. साडेचार मिनिटांचा धावता तुकडा आहे, आणि मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) रोज थोडा थोडा चढवत नेणं एवढीच त्याची तयारी. वेळ द्यावा लागला तो बार्बरला.

एलेनॉर स्टीबर या सोप्रानोने बार्बरकडून ही रचना करून घेतली. १९४७ साली ती लिहून झाली आणि ९ एप्रिल १९४८ ला बोस्टन सिंफनीने सर्ज कूसेविट्स्कींच्या हाताखाली पहिल्यांदा वाजवली. शब्द जेम्स एजींचे, १९३८ मध्ये छापून आलेल्या एका ललित गद्यातले. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावातली उन्हाळ्याची संध्याकाळ: पडवीत खुर्च्यांवर झुलणारी माणसं, रस्त्यातून खडखडत जाणारी ट्राम, नळी गुंडाळून ठेवणारे वडील, मागच्या अंगणात ओल्या गवतावर गोधड्या टाकून पडलेलं सगळं घर. बोलतोय एक लहान मुलगा. एजी १९०९ चे, बार्बर १९१० चे, म्हणजे १९१५ च्या त्या उन्हाळ्यात दोघंही पाचेक वर्षांचे. पुढच्याच वर्षी एजींचे वडील मोटार अपघातात गेले. बार्बर हे लिहीत होते तेव्हा त्यांचे वडील अखेरच्या आजारात होते, आणि रचना त्यांनाच अर्पण केलेली आहे. शेवटाकडे मुलगा घरच्यांसाठी प्रार्थना करतो. हे सगळं ठाऊक झाल्यावर त्या ओळींखालचे साधे लांब स्वरसुद्धा मला नुसते धरून ठेवता येईनात.

आता वादकांच्या कामाचं. हे गद्य आहे. यमक नाही, ठरावीक चरण नाहीत, एक वाक्य चार शब्दांचं तर पुढचं अर्धं पान चालणारं. सुरुवातीचा झोका तीन-तीनच्या गटांत छान झुलतो, पण गायिकेचं वाक्य त्या झोक्यावर कुठेही उतरतं, कधी आधी, कधी जरा रेंगाळून. नुसत्या मात्रा मोजून साथ होत नाही. म्हणून मी स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) घेऊन बसले आणि माझ्या पार्टवर, म्हणजे फक्त व्हायोलाच्या स्वरलिपीवर, प्रत्येक बारच्या (मात्रांच्या गटाच्या) वर पेन्सिलीने शब्द लिहून काढले, गायिका श्वास घेईल असं वाटलं तिथे खुणा केल्या. मग बो (वाद्याचा गज) बाजूला ठेवून शब्द नुसते मोठ्याने वाचले, पुन्हा पुन्हा. ज्यांना कुणाला गाण्याची साथ करायची आहे त्यांना मी हेच आधी करायला सांगेन. बोटं नंतर बसतात.

तयारीत तीन ध्वनिमुद्रणं ऐकली. स्टीबरचं १९५० चं, डंबार्टन ओक्स ऑर्केस्ट्राबरोबरचं. डॉन अपशॉचं १९८९ चं, डेव्हिड झिनमन कंडक्टर. आणि लिओन्टाइन प्राइसचं, थॉमस शिपर्सबरोबर. प्राइसचा आवाज भव्य आहे, जगण्याच्या दुःखाचा उद्गार येतो तिथे तो अंगावर येतो. पण पहिल्या पानांवर मला अपशॉच जवळची वाटते, कारण तिथे खरंच एक मूल बोलतं.

आमच्या पाहुण्या सोप्रानो शेवटच्या दोन तालमींनाच आल्या. बाहेरून येणाऱ्या गायकांचं बहुधा असंच असतं. पहिल्या दिवशी त्या अर्ध्या आवाजात गायल्या, गळा राखून. त्यामुळे आम्ही किती मोठ्याने वाजवतोय ते लगेच उघडं पडलं! आम्ही १९५० ची छोट्या वाद्यवृंदाची आवृत्ती घेतली होती, एकेक फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, दोन हॉर्न, एक ट्रम्पेट, हार्प, ट्रँगल आणि तंतुवाद्यं. तरीही मधल्या सप्तकातले शब्द बुडत होते. कंडक्टरांनी व्हायोलिन आणि व्हायोलांचे मागचे स्टँड काही पानांपुरते गप्प केले, म्हणजे मलाही. त्या पानांवर हाताला काम नव्हतं, म्हणून मी गायिकेकडेच बघत बसले. वाक्य सुरू होण्याआधी खांदे किती वर येतात, कोणत्या शब्दाआधी श्वास चोरून घेतात, सगळं दिसलं. दुसऱ्या दिवशी माझ्या निम्म्या खुणा खोडून नव्या केल्या. निळ्या दवाचा उल्लेख येतो तिथे स्वर उंच जातो आणि आवाज मात्र अगदी बारीक होतो. कार्यक्रमात त्यांनी ती जागा अशी लावली की माझा बो तारेवर जेमतेम टेकलेला होता, आणि तेवढाच पुरला.

‘अपालाचियन स्प्रिंग’ हे मुळात नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी १९४४ साली तेरा वाद्यांवर लिहिलेलं. आम्ही १९४५ चा मोठ्या ऑर्केस्ट्राचा सूट (नृत्यसंगीतातून निवडलेल्या भागांची मालिका) वाजवला. मात्रांचा हिशेब सारखा बदलतो, वेगवान भागांना हळू लयीत टाळ्या देऊन घासावं लागतं. व्हायोलावाल्यांना मात्र यात मानाचं पान आहे. शेकर या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाची ‘सिंपल गिफ्ट्स’ ही धून आधी क्लॅरिनेट मांडतो, आणि पुढच्या एका रूपात व्हायोला आणि ट्रॉम्बोन मिळून तीच धून निम्म्या लयीत, अगदी ठाय, वाजवतात. एरवी आमच्या वाट्याला मधली भरणीच येते, त्यामुळे त्या पानासाठी मी सी तारेवरचा (व्हायोलाची सर्वांत खालच्या स्वराची तार) आवाज महिनाभर घोटला. लांब बो, पुलाच्या (तारा पेलणाऱ्या घोडीच्या) जरा जवळ, दाब हाताच्या वजनाचा, मनगट आवळायचं नाही.

एन्कोरला (टाळ्यांनंतरच्या जादा तुकड्याला) ‘समरटाइम’ झालं. गर्श्विनच्या १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’मधली अंगाई, तिची साथ सोपी दिसते, पण लय तसूभरही ओढली तर गायिकेचा झोका मोडतो.

पुढच्या हंगामात कोपलँडचीच एमिली डिकिन्सनच्या आठ कवितांची गाणी घ्यायचा विचार चालू आहे, आवाज आणि छोटा वाद्यवृंद. यावेळी मुळात कविताच आहेत, ओळी तुटक आणि जागोजागी थबकणाऱ्या. मी शब्द पार्टवर उतरवायला घेतले आहेत. तुमच्यापैकी कुणी त्यातला व्हायोला वाजवला असेल तर बोइंग (गज कुठे वर, कुठे खाली ओढायचा) कसं ठेवलंत ते कळवा.