बोगमाळोचं सी हॉक
आज बाबांना घेऊन गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात गेले होते. सी हॉक या जुन्या लढाऊ जेट विमानापाशी बाबा थांबले ते थांबलेच. नौदलात ते याच विमानांवर फिटर होते. "शेपटीत बघ, भोक नाही. इंजिन एकच, पण झोत दोन्ही पंखांच्या मुळाशी फुटतो." मग पंख दुमडतो तिथल्या बिजागरीकडे किती वेळ बघत राहिले. रंगाखाली बारीक फुगवटे आले होते. खारा वारा अ‍ॅल्युमिनियम असाच आतून खातो. वरून रंग मारून भागत नाही, आधी खरवडावं लागतं, म्हणाले. ४ डिसेंबर १९७१ ला विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला केला तो याच जातीच्या विमानांनी. ही विमानं नीट जपायलाच हवीत. निघताना बाबांनी हळूच सलाम केला.