न्युरेंबर्गचं गुंजभर सोनं

म्युनिकहून न्युरेंबर्ग रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर. स्टेशनातून बाहेर पडून सेंट लोरेन्झ चर्च मागे टाकलं आणि पेग्निट्झ नदी ओलांडली, की आलाच मुख्य चौक. तिथल्या कारंज्याच्या जाळीतली कडी फिरवायला पर्यटकांची झुंबड असते. मी तिथे फार रेंगाळलो नाही, मला कोकरू बघायचं होतं.

हे कोकरू सोन्याचं. १७०० साली, नव्या शतकाच्या तोंडावर, या स्वतंत्र नगरीनं डुकॅट नावाची सोन्याची नाणी पाडली. पृथ्वीच्या गोलावर कोकरू उभं, त्याच्या निशाणावर ‘पाक्स’, म्हणजे शांती. काही गोल, काही चक्क चौकोनी. पूर्ण डुकॅट साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ शुद्ध सोन्याचा. वजनाला आपल्या पुतळ्यांच्या माळेतल्या अस्सल व्हेनिसच्या नाण्याइतकाच. पण खरी मजा त्याच्या तुकड्यांत आहे: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा हिस्सा आणि शेवटी बत्तिसावा! तो ०.११ ग्रॅमचा, म्हणजे गुंजेलाही किंचित कमीच. एवढ्याशा पत्र्यावर कोकराचे पाय कोरणाऱ्याचे डोळे काय असतील!

हे बाजारात भाजी घ्यायला काढलेले नव्हतेच. बारशाला, नववर्षाला भेट द्यायचे. मागणी इतकी, की १७०० हेच साल ठेवून पुढेही ते पाडत राहिले. त्यामुळे नाण्यावरच्या सालावरून ते कधी पाडलं हे ठरवता येत नाही.

गल्लीतल्या एका दुकानात आजोबांनी मखमलीवर चार नाणी मांडली आणि भिंग पुढे केलं. भेटीचं नाणं गळ्यात जायचं, म्हणून आधी कड तपासायची: कडी काढून घासलेली जागा, बुजवलेलं भोक, उगाच आलेली चकाकी. एका पाव डुकॅटच्या माथ्यावर कडीची खूण होती. दुसरा थोडा वाकलेला, पण कुणी हात न लावलेला. माझ्या मते वाकलेलं नाणं केव्हाही बरं. दुरुस्त केलेल्याचं दुखणं पुढे विकताना कळतं. बत्तिसाव्या हिश्श्याचा भाव विचारला. ग्रॅमचा हिशेब केला तर तो पूर्ण डुकॅटपेक्षा कितीतरी महाग पडत होता. हौसेला मोल नाही म्हणतात, पण खिशाला असतं.

वाकलेला पाव डुकॅट घेतला. वजन लिहिलेली पावती मागून घेतली, ती नाण्याइतकीच जपायची. आता मानहाइमला जायचंय. ऱ्हाइन नदीच्या वाळूतून धुऊन काढलेल्या सोन्याचे डुकॅट तिथल्या राज्यकर्त्यांनी पाडले होते. ते परवडणार नाहीत, नुसते बघायचे.