पडद्याखाली पाणी : ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर भागत नाही

सीएसआर, म्हणजे सेंट्रल सिरस रेटिनोपॅथी, हा डोळ्याच्या आतल्या पडद्याखाली (रेटिनाखाली) पाणी साचण्याचा आजार ज्याला होतो त्याला डॉक्टर हमखास विचारतात, टेन्शनचं काम आहे का? आणि निघताना सांगतात, टेन्शन घेऊ नका. माझ्या मावसभावालाही हेच झालं. तो सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग आणि डिस्पॅच बघतो, एक्स्पोर्टचा माल असला की कंटेनर भरून जाईपर्यंत घरी यायचं नाव नाही, झोप अर्धवट, चहा मात्र सारखा चालू. तर त्याला टॉवेलच्या काठाची पट्टी मधेच वाकडी दिसायला लागली. लूमचाच फॉल्ट असेल म्हणून त्यानं माल बाजूला काढला, दुसऱ्यानं बघितलं तर पट्टी एकदम सरळ. उजवा डोळा झाकला की सगळं नीट, डावा झाकला की मधोमध मळकट गोल चट्टा, आणि त्या उजव्या डोळ्यानं समोरचा माणूस जरा लहानच दिसायचा. रात्री मला फोन, "दादा, डोळा जातोय का माझा?"

डोळा जात नव्हता, पण नेमकं काय होतंय हे त्याला कोणी बसून सांगितलं नव्हतं. म्हणून मी वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो, आणि जे समजलं ते इथं लिहितोय, कारण सोलापुरात रात्रपाळी करणारे, मार्च एंडला घाण्याला जुंपलेले, चाळिशीच्या आसपासचे लोक काय कमी नाहीत, आणि हा आजार बहुतेक याच वयातल्या पुरुषांना गाठतो.

डोळ्याच्या पडद्याच्या मागे रक्तवाहिन्यांचा एक दाट थर असतो, त्याला कोरॉइड म्हणतात. डोळ्यात येणारं बहुतांश रक्त या थरातूनच फिरतं. आता मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना डोळ्याच्या आत ऑटोनॉमिक नसा नसतातच, त्या आपलं आपण जुळवून घेतात, पण कोरॉइडला मात्र या नसा भरपूर असतात. ऑटोनॉमिक म्हणजे आपल्या हुकमाशिवाय चालणारी यंत्रणा, जी छातीचे ठोके, घाम, बीपी, पचन सगळं सांभाळते. तिची एक बाजू सिम्पथेटिक, धावपळीची, हिच्या नसा मानेतल्या नसांच्या जुडग्यातून डोळ्याकडे येतात. दुसरी पॅरासिम्पथेटिक, निवांतपणाची, ती चेहऱ्याच्या नसेच्या वाटेनं येते. म्हणजे कंटेनर चुकतोय म्हणून छाती धडधडायला लागली की ती धडधड फक्त छातीत राहत नाही, डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाते.

कोरॉइड आणि पडदा यांच्यामध्ये पेशींचा एकच पातळ थर असतो, आरपीई. बंधाऱ्यासारखा तो मागचं पाणी अडवतो आणि झिरपलेलं परत मागं ढकलतो. सीएसआरमध्ये कोरॉइडच्या रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात, थर जाड होतो, आणि आरपीई कुठंतरी हार मानतो. मग नेमकं मधल्या भागात, ज्या भागानं आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथं पडद्याखाली पाण्याचा फोड येतो. पडदा उचलला गेला की सरळ रेघ वाकडी दिसणारच.

याचा तणावाशी संबंध आहे हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये माकडांना पुन्हा पुन्हा अ‍ॅड्रिनलिनची इंजेक्शनं दिली तर त्यांच्या डोळ्यात असंच पाणी साचलं. २००६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी सीएसआरच्या पेशंटची निरोगी लोकांशी तुलना केली, तेव्हा पेशंटमध्ये सिम्पथेटिक बाजू चढलेली आणि पॅरासिम्पथेटिक कमी पडलेली दिसली. त्याआधी १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या यानुझी नावाच्या डॉक्टरांनी टाइप ए स्वभावाशी, म्हणजे सतत घाईत, स्पर्धेत असणाऱ्या माणसांशी, याचा संबंध जोडला होता. हा स्वभावाचा मुद्दा मला स्वतःला फार आवडत नाही. माणूस रात्रपाळी करून थकलेला असतो आणि वर आपण त्याला म्हणायचं तुझा स्वभावच तसा, हे बरोबर नाही. ड्युटीचे तास आणि झोप यांच्याकडे आधी बघा ना.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो. तणावात शरीर कॉर्टिसोल बनवतं. कॉर्टिसोल हे स्टेरॉइडच आहे, शरीराचं घरचं. आणि बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड हे या आजाराचं सगळ्यात पक्कं ठाऊक असलेलं कारण आहे. फक्त गोळ्या आणि इंजेक्शनं नाही हां, दम्याचे पंप, नाकातले स्प्रे, सांध्यात दिलेली इंजेक्शनं, एवढंच काय अंगाला लावायच्या मलमानंतरही सीएसआर झाल्याच्या नोंदी आहेत. भावाला जांघेत गजकर्ण झालं होतं. कारखान्यातला उकाडा, त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा, कोणाला होत नाही? त्यानं मेडिकलमधून विचारून एक ट्यूब आणली, लावली की खाज लगेच थांबायची म्हणून संपली की पुन्हा तीच आणायचा. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का, तर हा म्हणाला नाही. मलमाला औषध कोण समजतं! नंतर मीच त्याला ट्यूब आणायला लावली, बारीक अक्षरात क्लोबेटासोल लिहिलेलं, चांगलं जोरदार स्टेरॉइड. त्याचा आजार नेमका ट्यूबमुळे की जागरणामुळे हे कोणी छातीठोकपणे सांगणार नाही, पण डॉक्टरांनी ती आधी बंद करायला लावली आणि गजकर्णासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं, जे खरं तर पहिल्याच वेळी व्हायला हवं होतं. अंग दुखतंय म्हणून पुड्या आणि सुया घेणाऱ्यांनीही त्यात काय आहे हे एकदा विचाराच, राग आला समोरच्याला तरी विचारा.

उपचाराचं म्हणाल तर बहुतेकांचं पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर आधी थांबतात आणि मधून मधून ओसीटी काढतात. हा स्कॅन प्रकाशाचा असतो, डोळ्याला हात लागत नाही, पाच मिनिटांचं काम. गरज पडली तर हातातल्या शिरेत रंग सोडून फोटो काढतात आणि गळती नेमकी कुठं आहे ते बघतात. पाणी रेंगाळलं तर फोटोडायनॅमिक थेरपी (शिरेत औषध सोडून डोळ्यात त्यावर ठराविक प्रकाश टाकायचा) किंवा लेझर. एप्लेरेनोन नावाची गोळी बरीच वर्षं देत होते, पण २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि त्यात औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा तिचा जास्त फायदा दिसला नाही. आजार उलटून येऊ शकतो, म्हणून डोळा बरा वाटला तरी तपासणी सोडायची नाही.

भाऊ आता सकाळी सिद्धेश्वर तळ्याकडं फिरायला जातो, रात्रपाळी मालकांशी बोलून कमी करून घेतलीय. फिरण्यानं पाणी आटतं असं मी म्हणणार नाही, पण झोप सुधारली आहे आणि चिडचिड कमी झाली हे घरच्यांनाही दिसतंय. जोरात घोरणाऱ्यांनी तेही डॉक्टरांच्या कानावर घाला, झोपेत श्वास अडकणाऱ्यांमध्येही हा आजार जास्त आढळतो.

एक मात्र सांगतो, शुगरवाल्यांनी हे वाचून माझ्याही डोळ्याला टेन्शनमुळेच होतंय असं समजू नका. शुगरमुळे पडदा खराब होतो त्याची कारणं किती वर्षं शुगर आहे, ती किती ताब्यात आहे, बीपी किती आहे ही आहेत, आणि सुरुवातीला काहीच जाणवत नाही. तणावानं शुगर-बीपी चढतं तेवढा त्याचा हात आहे, पण पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यायलाच पाहिजे.

हे सगळं ऐकून मावशीनं लगेच आपला दम्याचा पंप कपाटात ठेवून दिला होता. तसं अजिबात करू नका. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड मनानं बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. पंप चालू ठेवायचा, आणि डोळे दाखवायला जाताना गोळ्या, पंप, स्प्रे, ट्यूब, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचं.