उडेग्राम, स्वात: राजा गिराच्या डोंगरावर जाणार असाल तर

"वर किल्ल्यापर्यंत पायऱ्या आहेत, लहान पोरंही जातात," असं मिंगोऱ्यात, म्हणजे पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या मोठ्या शहरात, मला सांगितलं गेलं. पायऱ्या आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्या खाली, उतारावरच्या जुन्या मशिदीपर्यंत आहेत आणि मग थेट किल्ल्याच्या तोंडाशी. मधल्या पट्ट्यात पायरी, कठडा, सावली, पाणी, पाटी यातलं काहीही नाही. हे सगळं लिहितोय ते त्या मधल्या पट्ट्यासाठी. मालम जब्बा आणि कालाम या स्वातमधल्या नेहमीच्या पर्यटनस्थळांबद्दल ढिगाने लिहिलेलं सापडेल. तिथे काही अडत नाही, खुशाल जा.

आधी व्हिसाचं. भारतीय पासपोर्टवर सध्या हा बेत आखूच नका. मी ब्रिटिश पासपोर्टवर गेलो, तरी जन्मस्थान पुणे दिसल्यावर माझा अर्ज बरोबरच्यांपेक्षा बराच रेंगाळला. विमानाचं तिकीट व्हिसा हातात पडल्यावरच काढा. इस्लामाबादहून एम-१ मोटरवे, कर्नल शेर खान इंटरचेंजला स्वात एक्स्प्रेसवे, चकदऱ्याला खाली उतरायचं आणि मग स्वात नदीच्या बाजूने बरीकोट. मिंगोऱ्याच्या थोडं अलीकडे उडेग्राम लागतं (पाट्यांवर ओडीग्राम असंही दिसेल). वाटेत मोटरवे सिंधू ओलांडतो आणि अटक तिथून खालच्या अंगाला राहतं. १७५८ आठवून पुलावर फोटो काढायची हौस मलाही होती. गाडी थांबवू देत नाहीत. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पाच-सहा झेरॉक्स खिशात ठेवा, नाक्यांवर मागतात.

गाव पहिल्या नजरेत काहीच वाटत नाही. हमरस्ता, गॅरेजं, फळांच्या पेट्या, धूळ. एका अंगाला नदी आणि तिच्याकडे उतरत गेलेली शेतं आणि बागा, दुसऱ्या अंगाला एकदम अंगावर येणारा डोंगर. बहुतेक जण गाडीतून उतरतात ते थेट त्या डोंगराकडे सुटतात. तसं करू नका. आपण काय बघतोय हे कळायला खालीच थोडा वेळ काढावा लागतो, कारण वरच्या पाट्या आणि गाइडची गोष्ट यांचा आपसात मेळ बसत नाही.

गोष्ट अशी सांगतात: राजा गिरा हा इथला शेवटचा हिंदू राजा, महमूद गझनवीच्या फौजेने वेढा घातला, पाण्याची वाट तोडली आणि किल्ला पडला. राजकन्येच्या प्रेमाचं उपकथानकही आहे, ते गाइडप्रमाणे बदलतं. उतारावरच्या मशिदीला गावात महमूद गझनवीची मशीद म्हणतात. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी ती १९८५ च्या सुमारास मोकळी केली आणि तिचा अरबी शिलालेख हिजरी ४४० चा, म्हणजे इ.स. १०४८-४९ चा आहे. महमूद वारला १०३० मध्ये. म्हणजे मशीद गझनवी काळातली, पण शिलालेखाचं साल महमूदच्या मरणानंतर अठरा वर्षांनी पडतं. गाइडला हे विचारलं तर तो हसून पुढच्या भिंतीकडे वळला.

किल्लाही एका राजाचा नाही. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन १९२६ मध्ये इथे आला आणि अलेक्झांडरच्या फौजेने इ.स.पू. ३२७ मध्ये घेतलेलं ओरा नावाचं गाव ते हेच, असं त्याने ठरवलं. पुढे १९५० च्या दशकात इटालियन अभ्यासक जुझेप्पे तुच्चींच्या मोहिमेतल्या लोकांनी इथे खोदकाम केलं. डोंगराच्या पायथ्याशी त्याहूनही जुनी, लोखंड नुकतं येत होतं त्या काळापर्यंत जाणारी दफनभूमी निघाली. २०१९ मध्ये दक्षिण आशियातल्या प्राचीन डीएनएवर जो मोठा अभ्यास आला आणि ज्यावरून आपल्याकडे (आर्य बाहेरून आले का, यावर) एवढी हमरीतुमरी झाली, त्यात उडेग्रामच्या थडग्यांतले सांगाडेही होते.

गावातल्या एका हुजऱ्यात (पुरुषांची बैठक आणि पाहुण्यांची जागा) बाजेवर बसवून चहा दिला. तिथले काका म्हणाले, आमचे वाडवडील महमूदच्या फौजेबरोबर आले. चहा पिताना वाद घालू नये म्हणून मी गप्प बसलो. पण काकांचे हे युसुफझाई पश्तून स्वातमध्ये आले ते सोळाव्या शतकात, काबूलकडून, आणि त्यांनी इथे आधीपासून राहणाऱ्या स्वाती लोकांना हुसकावलं. बाबराने १५१९ मध्ये युसुफझाईंची मुलगी बीबी मुबारिका हिच्याशी लग्न केलं, ते याच धामधुमीत. शिवाय त्यांच्यात वेश नावाची पद्धत होती: ठरावीक वर्षांनी जमिनींची फेरवाटणी, आणि नुसती शेतं नाहीत तर माणसं घरंदारं उचलून दुसऱ्या गावी. चांगली जमीन एकाच भाऊबंदकीकडे कायमची राहू नये हा हेतू. स्वात संस्थानाचे तेव्हाचे राज्यकर्ते बादशाह साहिब यांनी १९२० च्या दशकात ही फिरती थांबवली आणि ज्याची जमीन त्याच्याकडे कायम केली. हे खुद्द काकांनीच सांगितलं, आणि फार रंगून सांगितलं. आजोबांचं शेत आधी कुठल्या गावात होतं, तेही. किल्ल्यापेक्षा मला हे जास्त आवडलं.

आता तो पट्टा. मशिदीपर्यंत कोणीही जाईल. तिथे दगडी चौथरा, खांबांच्या बैठका, वजूचा (नमाजाआधी हातपाय धुण्याचा) हौद, मिहराब (मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा), सगळं नीट राखलेलं आहे. दम खा, बाटली भरलेली आहे का बघा. पुढे वाट म्हणजे बकऱ्यांनी पाडलेल्या चार-पाच वाटा. दगड पापुद्र्यांचा आहे. पाय टाकला की वरचा पापुद्रा सटकतो, खालचा त्याच्यामागे येतो आणि तुम्ही दोन पावलं मागे. आधाराला हात घालावा तर काटेरी झुडूप. सह्याद्रीत किल्ले केलेल्यांना चढाचं काही वाटणार नाही, मलाही वाटलं नाही. पण आपला बेसॉल्ट पायाखाली टिकतो, हा टिकत नाही. चढताना निभावतं, उतरताना गुडघ्यांची वाट लागते. जुन्या तटबंदीची ओळ नजरेआड होऊ देऊ नका, ती हरवली की कुठलीही बकरीवाट तुम्हाला घळीत नेऊन सोडते. तिथे मी पुरेसा घाम गाळलाय.

वर खोदून काढलेला भव्य जिना आहे, उंच भिंती आहेत, आणि नदीचं पात्र थेट पार बरीकोटच्या दिशेपर्यंत उलगडतं. सुंदर आहे, मान्य. पण मे ते ऑगस्टमध्ये सकाळी आठनंतर मशिदीच्या वर जाऊ नका. पाऊस पडून गेला असेल तर अजिबात नाही. चपला, सॅंडल, गुळगुळीत तळाचे बूट असतील तर मशिदीवरून परत फिरा, काही बिघडत नाही. पाणी माणशी दोन लिटर. वर पाणी नाही, राजा गिराचंही त्यावाचूनच अडलं म्हणतात.

पैशांचं बोलू. मिंगोऱ्यातून ठरवलेल्या टॅक्सीवाल्याने जाऊन-येऊन भाडं ठरवलं, आणि परत आल्यावर "वेटिंग वेगळं" म्हणून जवळजवळ दुप्पट मागितले. पाय थरथरत असताना माणूस घासाघीस करत नाही, हे त्याला बरोबर माहीत होतं. टॅक्सी मुळात नकोच. मिंगोरा-बरीकोट रस्त्यावर शेअर सुझुकी (छोट्या प्रवासी गाड्या) दिवसभर धावतात, हात केला की थांबतात, आणि भाडं किरकोळ. गाइड मात्र घ्या, गावातलाच एखादा तरुण, पैसे आधी बोलून. त्याला थोडे जास्त गेले तरी हरकत नाही. उतरताना दोनदा त्यानेच माझं मनगट धरलं.

गावात बायकांचे फोटो काढायचे नाहीत, लांबूनही नाहीत. बरोबर बायका असतील तर त्यांना हुजऱ्यात नव्हे, घरात बोलावतील. जाऊ द्या, खाणं तिकडेच चांगलं मिळतं. बोलायला आपली हिंदी पुरते, ऐकणारे तिला उर्दू समजून उत्तर देतात. मिंगोऱ्याला लागून असलेल्या सैदू शरीफचं स्वात म्युझियम आधी बघा, डोंगर नंतर. उलट केलंत तर काचेच्या पेट्यांसमोर उभं राहायचं त्राण उरणार नाही.