रात्रीचे नऊ आणि एक अक्षर: साप्ताहिक क्लासिक रॉक कार्यक्रम ऐकण्याचा माझा अनुभव

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका रेडिओ केंद्रावर दर रविवारी रात्री क्लासिक रॉकचा दोन तासांचा कार्यक्रम असतो. तो दुसऱ्या देशातून इंटरनेटवर ऐकायचा असेल, तर केंद्राचे पान उघडून एक बटण दाबावे लागते, एवढीच खरी कृती आहे. मला ती दहा मिनिटांत जमली. आवाज स्वच्छ येत होता आणि 128 केबीपीएसच्या प्रक्षेपणाला दोन तासांत साधारण 115 एमबी डेटा लागतो, हा हिशेबही मी आधीच करून ठेवला होता. त्यानंतरचे पाच आठवडे मात्र हा कार्यक्रम नेमका किती वाजता सुरू होतो, हे शोधण्यात गेले, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

पानावर वेळ दिली होती ती अशी: रविवार, रात्री 9 ते 11, ईएसटी. ईएसटी म्हणजे ईस्टर्न स्टँडर्ड टाइम, आणि ही वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या पाच तास मागे असते. म्हणजे यूटीसीनुसार कार्यक्रम सोमवारी पहाटे 2 वाजता सुरू व्हायला हवा. त्यात माझ्याकडचा फरक मिळवून मी गजर लावला आणि मे महिन्यातल्या त्या पहिल्या खेपेला दोन मिनिटे आधीच हेडफोन लावून बसले, तर कार्यक्रम चालूच होता. निवेदक कुठल्याशा गिटारवादकाविषयीचे बोलणे संपवत होते. मग श्रोत्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या आणि बरोबर एका तासाने निरोप घेऊन ते निघूनही गेले. दोन तासांचा कार्यक्रम एका तासात आटोपला, याचे कारण मला कळेना. रविवारी सामन्यांच्या धावत्या वर्णनापायी संगीताच्या कार्यक्रमांना अनेकदा कात्री लागते, म्हणून तसेच काही झाले असावे, अशी मी समजूत करून घेतली.

दुसऱ्या रविवारीही तेच झाले. तेव्हा मी दोष इंटरनेटला दिला आणि मोबाइलवरचे अॅप काढून पुन्हा टाकले, जे आता आठवले की हसू येते. कारण इंटरनेटवरचे प्रक्षेपण अर्धा-पाऊण मिनिट मागे पडते, एक तास पुढे कधीच धावत नाही. तिसऱ्या आठवड्यात वाटले की आपली बेरीज-वजाबाकीच चुकत असेल, तेव्हा हे काम कॅलेंडरवर सोपवावे. त्यात कार्यक्रमाची नोंद करताना कालविभागांच्या यादीतून मी काळजीपूर्वक ‘ईएसटी’ निवडले, कारण पानावर तेच लिहिले होते. कॅलेंडरने माझीच वेळ बरोबर ठरवली. यंत्र आणि मी एकमताने चुकत होतो.

मग केंद्रालाच विचारावे असे ठरवले, आणि इथे माझा खरा अंत पाहिला गेला. संपर्काच्या अर्जात नाव, ईमेल आणि प्रश्न यांखेरीज झिप कोडचा, म्हणजे अमेरिकेतल्या पिनकोडचा, रकाना सक्तीचा होता, आणि तो पाच अंकांखेरीज काहीही स्वीकारत नव्हता. माझा पत्ता अमेरिकेतला नसल्यामुळे माझ्याजवळ झिप कोड असण्याचे कारण नव्हते. खोटा कोड लिहिणे मनाला पटेना, आणि रकाना रिकामा ठेवला की लिहिलेला सगळा मजकूर पुसला जाऊन अर्ज पुन्हा कोरा होई. तीनदा तोच परिच्छेद लिहून झाल्यावर पानाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरात एक ईमेल पत्ता सापडला. तिकडे पाठवलेल्या पत्राला नऊ दिवसांनी उत्तर आले की, कार्यक्रमाच्या वेळेत कोणताही बदल झालेला नसून तो नेहमीप्रमाणे रात्री नऊ वाजताच सुरू होतो. हे उत्तर शंभर टक्के खरे होते आणि माझ्या कवडीच्याही उपयोगाचे नव्हते. मी पुन्हा लिहिले की कृपया यूटीसीमध्ये वेळ सांगावी. त्यावर, आपल्या भागातील वेळ आपण तपासून पाहावी, असा सल्ला मिळाला.

कोडे सुटले ते निवेदकांच्या एका वाक्याने. पाचव्या रविवारी, मी ऐकायला बसले तेव्हा, दोन गाण्यांच्या मध्ये ते सहज म्हणाले की दहा वाजून चार मिनिटे झाली आहेत. माझ्या हिशेबाने तिथे नऊ वाजून चार मिनिटे झालेली असायला हवी होती. तिथे तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती. अमेरिकेत 2007 पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. मधल्या काळात पूर्व किनाऱ्यावरची वेळ ईएसटी नसतेच, ती ईडीटी, म्हणजे ईस्टर्न डेलाइट टाइम, असते आणि यूटीसीच्या चारच तास मागे असते. केंद्राने मात्र बाराही महिने ईएसटीच लिहून ठेवले होते. जिथे घड्याळ वर्षभर एकाच चालीने चालते, तिथल्या श्रोत्याने एका अक्षराचा असा अर्थ लावावा, ही अपेक्षा मला आजही अन्यायाची वाटते.

तेव्हा माझे सांगणे असे, की कॅलेंडरच्या यादीत ईएसटी हे नाव दिसले तरी ते निवडू नये, कारण ती नोंद वर्षभर पाच तास मागेच राहते. त्याऐवजी न्यूयॉर्क हे शहर निवडावे, म्हणजे घड्याळ बदलेल तशी नोंदही आपोआप सरकते. ब्रिटनमधील केंद्रांची गोष्ट पुन्हा वेगळी आहे. तिथे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले अंतर पाचऐवजी चार तासांचे असते आणि एकाच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढणारा हमखास फसतो. ‘रविवारी मध्यरात्री’ असे कोणी लिहिले असेल, तर ती रविवार सुरू होतानाची की संपतानाची, हेही आधी विचारून घ्यावे.

राहून गेलेला पहिला तास नंतर सावकाश ऐकता आला असता, तर एवढा त्रागा करण्याचे कारणच नव्हते. परंतु अमेरिकेच्या 1998 च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार, इंटरनेट प्रक्षेपणाच्या वैधानिक परवान्यावर, म्हणजे गाण्यांच्या मालकांना वेगळे न विचारता कायद्यानेच मिळणाऱ्या परवान्यावर, पाच तासांहून लहान कार्यक्रम संग्रहात ठेवून हवा तेव्हा ऐकवता येत नाही, आणि गाण्यांची यादीही आधी जाहीर करता येत नाही. स्वतंत्र परवानगी नसेल, तर दोन तासांचा कार्यक्रम हुकला की हुकला.

एक वाट मात्र मला फार उशिरा सुचली. असे बरेच कार्यक्रम एकाच केंद्राचे नसतात. एके ठिकाणी तयार होऊन ते अनेक केंद्रांना पुरवले जातात आणि प्रत्येक केंद्र आपल्या सोयीने ते लावते. 1973 मध्ये सुरू झालेला ‘किंग बिस्किट फ्लॉवर अवर’ हा मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा साप्ताहिक कार्यक्रम अशाच रीतीने अमेरिकाभर पोहोचला होता. माझा कार्यक्रमही आणखी एका केंद्रावर बुधवारी लागतो, हे मला समजले तेव्हा पहिल्या केंद्राच्या वेळेचे कोडे सुटून गेले होते. म्हणून वेळेचा घोळ घालत बसण्याआधी कार्यक्रमाच्या नावाने शोध घ्यावा. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी बॅटरी वाचवण्याची सोय त्या अॅपपुरती बंद ठेवावी, नाहीतर पडदा काळा झाल्यावर थोड्या वेळाने आवाजही जातो.

सहाव्या रविवारी मी एक तास आधी बसले आणि कार्यक्रमाची सुरुवात प्रथमच ऐकली. पहिल्या तासात एलपीची, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीची, एक अख्खी बाजू लावतात, हे मला तेव्हा कळले. इंटरनेटच्या त्याच परवान्यात तीन तासांच्या अवधीत एका अल्बममधली तीनपेक्षा अधिक गाणी आणि सलग दोनपेक्षा अधिक गाणी लावण्याची मुभा नाही, म्हणून निवेदक अख्खी बाजू व्यापणारे एकच गाणे निवडत असावेत, असा माझा अंदाज आहे. त्या रात्री पिंक फ्लॉइड या बँडच्या 1971 च्या ‘मेडल’ या अल्बमची दुसरी बाजू, म्हणजे ‘इकोज’ हे साडेतेवीस मिनिटांचे एकच गाणे, त्यांनी मध्ये न तोडता ऐकवले. पुढच्या आठवड्यात येस या बँडचे ‘क्लोज टू द एज’ लागले. फर्माइशींचा जो तास मी पाच आठवडे पूर्ण कार्यक्रम समजत होते, तो त्यामानाने अगदीच साधा आहे.

पानावर अजूनही ईएसटीच लिहिलेले आहे. मी तिसरे पत्र पाठवले आहे.