व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला उठवून बसवताना

अतिदक्षता विभागात फिजिओथेरपी करताना माझी पहिली गाठ स्नायूंशी पडत नाही, गुंगीच्या औषधाशी पडते. रुग्ण गाढ गुंगीत असेल तर सांधे हलवणं, घोटा काटकोनात टेकवून ठेवणं आणि कूस बदलणं, एवढंच हातात असतं. म्हणून सकाळी गुंगी कधी कमी करणार हे सिस्टरांशी आधी ठरवून घ्यावं. रास मोजपट्टीवर (गुंगी किंवा अस्वस्थता किती ते मोजणारी; शून्य म्हणजे जागा आणि शांत) रुग्ण उणे १ ते अधिक १ मध्ये आला आणि 'डोळे उघडा, हात दाबा' एवढं करू लागला की कामाला लागायचं. उशीर परवडत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर रुग्णांच्या मांडीचा स्नायू पहिल्या १० दिवसांत सरासरी जवळपास १८ टक्के आटलेला सोनोग्राफीत दिसला होता.

तोंडातून श्वासाची नळी घातलेली आहे म्हणून रुग्णाला उठवायचं नाही, हे कारण मला पटत नाही. बघायचे ते आकडे: व्हेंटिलेटरमधून दिला जाणारा ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात राखलेला दाब) १० किंवा कमी, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९० किंवा जास्त, श्वास मिनिटाला ३० च्या खाली, सरासरी बीपी ६५ च्या वर. बीपी टिकवणारं औषध चालू असलं तरी चालतं, पण त्याचा डोस चढता नको. हृदयाची लय नव्याने बिघडली असेल, रक्तस्राव चालू असेल किंवा मणका स्थिर नसेल तर थांबायचं.

प्रत्यक्ष बसवण्यापेक्षा तयारीलाच वेळ जास्त लागतो. श्वासाची नळी ओठांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते बघून मोठ्याने सांगावं आणि पट्टी घट्ट आहे का तपासावी. व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी आधी काढावं, नाहीतर रुग्ण वळताच ते छातीकडे जातं. सगळ्या लाइन (रक्तवाहिन्यांत घातलेल्या नळ्या) शक्यतो व्हेंटिलेटरच्याच बाजूला घ्याव्यात आणि रुग्णालाही त्याच बाजूला उतरवावं. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खाली, छातीचा ड्रेन छातीच्या खाली. मेंदूतून पाणी काढणारी नळी असेल तर हालचालीआधी ती बंद करावी आणि रुग्णाच्या नव्या स्थितीनुसार तिची उंची पुन्हा लावल्यावर आठवणीने उघडावी. किमान तीन माणसं हवीत. त्यातल्या एकाचा हात फक्त श्वासाच्या नळीवर, त्याला दुसरं काम नाही.

डोक्याची बाजू वर करून थोडं थांबा, बीपी बघा, मग कुशीवर वळवून पाय खाली सोडा. तळवे जमिनीला टेकलेच पाहिजेत. लोंबकळत्या पायांवर तोल सावरत नाही. पहिल्यांदा ५ ते १० मिनिटं पुरेत.

इथे हमखास फसगत होते ती आर्टरी लाइनच्या, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीतून सतत मोजल्या जाणाऱ्या बीपीची. हा दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर झोपलेल्या रुग्णाच्या छातीच्या पातळीवर लावलेला असतो. रुग्ण बसला की हृदय वर जातं, ट्रान्सड्यूसर खालीच राहतो आणि दर १० सेंटिमीटर फरकामागे बीपी सुमारे ७.५ मिमीने खोटंच जास्त दिसतं. म्हणजे चेहरा पांढरा पडतोय, घाम फुटलाय आणि मॉनिटर मात्र खुशाल. बसवल्या बसवल्या ट्रान्सड्यूसर पुन्हा हृदयाच्या पातळीवर लावा आणि तोवर चेहऱ्यावर विश्वास ठेवा.

सॅच्युरेशन ८८ च्या खाली गेलं, श्वास ४० च्या वर गेला किंवा रुग्ण व्हेंटिलेटरशी झगडू लागला तर आडवं करायचं. 'अजून दोन मिनिटं' नको. बसणं जमलं तर पुढे उभं राहणं, जागच्या जागी पावलं, खुर्ची आणि मग चालणं. मात्र जितकं जास्त तितकं चांगलं, असं नाही. २०२२ च्या टीम चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना नेहमीपेक्षा जास्त जोमाने हलवून फायदा दिसला नाही, उलट लय बिघडणं, बीपी वरखाली होणं असे त्रास वाढले. त्यामुळे मी रोज पायरी वाढवते ती आदल्या दिवशीचा थकवा बघूनच.

खुर्चीत बसवण्याआधी परतीची माणसं ठरवून ठेवा. दीड तासाने रुग्ण दमलेला असतो, पाय भार घेत नाहीत आणि नेमकी तेव्हाच ड्यूटी बदललेली असते. होइस्टची (रुग्णाला उचलणाऱ्या यंत्राची) झोळी आधीच त्याच्या खाली घालून ठेवली तर बरं.