लिफ्ट केलेल्या पिकअपचं स्टिअरिंग सरळ करताना (माझा अनुभव)

आमची पिकअप आबांनी सेकंडहँड घेतलेली, जुनी फोर बाय फोर, पुढं पण सॉलिड अॅक्सल (दोन्ही चाकांमधला एकच अखंड आडवा कणा) आणि पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग). रान गगनबावड्याच्या बाजूला, तिकडं पाऊस कसा असतो ते कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. पाणंदीत दरवर्षी डिफ (अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) चिखलात टेकायचा, म्हणून गेल्या उन्हाळ्यात गाडी उचलून घेतली. पाट्यात एक पान वाढवलं, शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला टांगणारी कडी) २ इंच लांब टाकले, ३१ इंची टायर घातले. गाडी ३ इंच वर आली आणि दिसायला एकदम नाद खुळा.

पण चालवायला लई वाईट. हायवेला ६० च्या पुढं गेलं की गाडी दोन्हीकडं डुलायची, सारखी सांभाळत बसायला लागायची, वळण घेऊन स्टिअरिंग सोडलं तर आपोआप सरळ यायचंच नाही. खड्डा आला की स्टिअरिंग गच्च धरलेलं असलं तरी गाडी एका अंगाला जायची. आणि एकदा शिरोलीच्या पुलाच्या जॉइंटवर पुढची चाकं अशी थडथडली की आबा शेजारी डॅशबोर्ड धरून बसले, गाडी ३० वर आणल्यावर थांबलं. त्या दिवशी ठरवलं की हे नीट झाल्याशिवाय गाडी हायवेला काढायची नाही.

ज्यांनी लिफ्ट करून दिली ते म्हणाले अलाइनमेंट करून घ्या. केलं. कागद हातात आला, टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली) बरोबर, कॅस्टर (चाक ज्या पिनवर वळतं तिचा मागं झुकलेला कल) लाल रंगात म्हणजे मापाबाहेर, ०.२ डिग्री. विचारलं तर पोरगा म्हणाला दादा ह्या गाडीत कॅस्टरला अडजस्टमेंटच नसती. ते खरंय, आमच्यासारख्या पाट्यावरच्या सॉलिड अॅक्सलला बोल्ट फिरवून कॅस्टर बदलत नाही. पण मग लाल का आलंय हे कोणी सांगत नव्हतं.

ते सांगितलं उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींनी. गाडीखाली बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, भावा शॅकल कुठल्या बाजूला हाय बघ की. आमच्या गाडीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढं. शॅकल लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, पाटा पुढं झुकतो आणि त्याच्याबरोबर अॅक्सलचा वरचा भाग पण पुढं झुकतो. पाटा साधारण ४० इंचाचा, त्याचं एक टोक २ इंच खाली, म्हणजे जवळजवळ ३ डिग्री. अशा जुन्या गाड्यांना मुळात कॅस्टर असतो ३ डिग्रीच्या आसपास. सगळा तिथंच गेला. सायकलचा चिमटा जसा तिरका असतो म्हणून हात सोडला तरी सायकल सरळ जाते, तोच प्रकार.

मी म्हटलं मिस्त्री, स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके दाबणारा शॉकअप) टाकूया का, सगळे तेच सांगत्यात. ते म्हणाले दुखणं झाकायचं असंल तर टाक. त्यांनी आधी काहीच न बदलता ढिलेपणा बघितला. मला आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडं हलवायला लावलं, स्वतः खाली झोपून एकेका जॉइंटवर बोटं ठेवली. दोन टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे जॉइंट) गेलेले, आणि डाव्या चाकाची किंग पिनची (चाक जिच्यावर वळतं त्या पिनची) बेरिंग खाल्लेली, पुलावरचं थडथडणं तिथनं होतं. बेरिंग नवीन टाकून वरच्या शिम (पातळ चकत्या) काढत काढत घट्टपणा बसवला आणि नकलच्या (चाक धरून वळणाऱ्या भागाच्या) आर्मला स्प्रिंगचा ताणकाटा अडकवून ओढून किती जोर लागतोय ते बघितलं. मला हे फार आवडलं, हातानं हलवून "बरोबर हाय" म्हणणारे लई बघितले होते.

मग गेलेला कॅस्टर परत आणायला वेज. ४ डिग्रीच्या पाचरी, पाटा आणि अॅक्सलच्या मध्ये बसणाऱ्या. अॅल्युमिनियमच्या रेडिमेड मिळत होत्या पण त्या दाबानं चुरतात म्हणून उद्यमनगरातच स्टीलच्या मिलिंग करून घेतल्या, मधे सेंटर बोल्टचं भोक, बोल्ट पण तेवढा लांब. बसवायचं काम मी आणि चुलतभावानं घरी केलं आणि उलट्या बसवल्या. आमचा पाटा अॅक्सलच्या खालून जातो, तेव्हा जाड बाजू पुढं पाहिजे, आम्ही मागं ठेवली. गल्लीतनं रंकाळ्यापर्यंत गेलो नाही तोवर कळलं, स्टिअरिंग इतकं हलकं की भीती वाटावी, वळवलं की अजून वळत जायचं. तसंच हळूहळू परत आलो, संध्याकाळी खोलून फिरवल्या. ज्यांचा पाटा अॅक्सलच्या वरून जातो त्यांना जाड बाजू मागं लागते, हे नीट बघून घ्या. आणि हावरटपणा करून ६ डिग्री घालू नका, कॅस्टर वाढतो तसं डिफचं पिनियनचं तोंड (जिथं प्रोपेलर शाफ्ट जोडतो ते) खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो.

राहिला खड्ड्यातला झटका. स्टिअरिंग बॉक्स चॅसीला, चाक अॅक्सलला, दोघांच्या मधे ड्रॅग लिंक. गाडी वर गेली तशी ती लिंक लई तिरकी झालेली. खड्ड्यात अॅक्सल वर आला की लिंक आडवी होते, आडवी झाली की चाकाकडं जास्त पोचते आणि चाकाला ढकलते, आपण स्टिअरिंग हलवलेलं नसतं तरी. उपाय म्हणजे खाली वाकलेला ड्रॉप आर्म (स्टिअरिंग बॉक्सवरचा, ड्रॅग लिंक हलवणारा आर्म). एका ठिकाणी मला जुनाच आर्म गरम करून वाकवून देतो म्हणाले, मी हात जोडून बाहेर आलो. फोर्जिंगचा आर्म तापवला की त्याची ताकद गेली, आणि तो घाटात तुटला तर हातात नुसतं चक्र राहणार. महिनाभर शोधून आतले दात, टेपर आणि दोन्ही भोकांमधलं अंतर जुळणारा आर्म मिळाला. लिंक जवळजवळ आडवी आली.

शेवटी टो. पुढची चाकं जॅकवर उचलली, टायरला खडू फासून चाक फिरवत खिळ्यानं बारीक रेघ मारली, मग गाडी खाली घेऊन थोडी ढकलली आणि रेघांमधलं अंतर पुढनं आणि मागनं टेपनं मोजलं. पुढं २ मिमी कमी ठेवलं. खात्रीसाठी परत मशीनवर नेली, कॅस्टर ४.१ आला.

रविवारी आबांना चालवायला दिली. गगनबावड्याच्या रस्त्याला कळे सोडल्यावर एका वळणातनं बाहेर पडताना त्यांनी मुद्दाम हात ढिले सोडले, चक्र आपापलं सरळ आलं. काही बोलले नाहीत, पुढच्या वळणाला परत तेच करून बघितलं. १०० किलोमीटर झाल्यावर पाटा अॅक्सलला धरणारे यू बोल्ट परत आवळले, दोन बोल्टांना पाव पाव आटा घेतला, पुढच्या महिन्यात अजून एकदा बघणार.